धुतलेल्या भुशाची लालसर फळी

मी लाकूड धुतो. म्हणजे सुताराकडचा भुसा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून, खळखळून धुऊन, कडकडीत वाळवतो. मग बाकाची फळी करताना वितळलेलं प्लास्टिक त्याला घट्ट धरतं आणि ती मोडत नाही. बिनधुतल्या भुशाच्या पहिल्या बाकावर आमचे मोठे मामा बसले होते. (मामा आमच्याकडे आता उभ्यानेच चहा घेतात.)

"लाकूड धवाले शिकना का तू इंजिनीअरिंगमा?" नाना, म्हणजे माझे मिरचीचे व्यापारी वडील, विचारायचे. त्या दिवशी तर त्यांनी निर्वाणीचंच सांगितलं, "आज ऑर्डर नही भेटनी ते सकायपासून मुकाट्या मिरचीना धंदाले लागजो!"

विसरवाडीच्या धाब्यांना बाकं पुरवणारे मगनभाई दुपारी येणार, आणि भुसा ओला! नानांच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, एक ताडपत्री रिकामी होती. तिच्यावर पसरला. वाळल्यावर उचलला तर काय, लालसर झळाळी!

"सागना रंग दख कसा खुलना!" मी बायकोला ऐटीत म्हणालो.

"मले ते शिंका यी ऱ्हायन्यात," ती म्हणाली.

"धूळ शे ती!"

मगनभाई समोर, नाना दारात. मी गरम प्रेस दाबला. आधी वास आला. मग धूर. मग खोकला!

"आग लागनी का?" मगनभाई ओरडले.

"नही, नही! प्रक्रिया शे!" मी ठसकत म्हणालो.

नानांनी हुंगलं. "अरे येडा, मन्ही मिरची भाजी ऱ्हायना तू!"

संपलं! डोळ्यांसमोर पथारी दिसायला लागली. (दुसरं काही दिसतही नव्हतं.)

पण मगनभाई हट्टी. नाकाला रुमाल लावून त्यांनी गरम फळी अंगणात आणवली, गार होऊ दिली, दोन विटांवर ठेवली आणि चढले. माणूस रोज धाब्यावर जेवणारा! फळी वाकली. त्यांनी उडी मारली. फळी शाबूत!

"पास!" ते डोळे पुसत म्हणाले. "पन पुढला मालमा तिखट नको टाकजो!"

बायकोनं फोटो काढला: मगनभाईंनी माझा हात धरलाय, नाना शेजारी, आणि तिघांच्याही डोळ्यांना धारा! नानांनी तो पुढच्या खोलीत लावलाय. आल्यागेल्याला सांगतात, "पहिली ऑर्डर भेटनी, आन् पोऱ्याना ऊर भरी उना!" मीही मान डोलावतो. इंजिनीअरला भुसा आणि तिखट ओळखता येत नाही, हे लोकांना कळण्यापेक्षा रडका म्हटलेलं परवडलं!