मशीनची सावड

डोणगावात ट्रान्झिस्टर रेडिओ बनवणारे आम्ही दोघेच होतो, मी आणि गुलाबराव. गुलाबराव दुकान उघडायचे ते मळ्यात वांग्यांना पाणी देऊन आल्यावर. नखांत माती तशीच असायची. गिऱ्हाईक ताटकळलं तर म्हणायचे, "वांगे थांबत नाहीत भाऊ, रेडिओ थांबते."

मला त्यांचा राग यायचा. माणूस चांगला होता, पण बाजारात माझ्यासमोर दुकान मांडून बसला होता, आणि माझा स्वभाव संशयी.

त्या वर्षी पंचायत समितीला गावोगावच्या वाचनालयांसाठी रेडिओ हवे होते. सोमवारी दोघांनी एकेक नमुना दाखवायचा, ज्याचा सरस त्याला काम. कॉइल गुंडाळायची हातमशीन आम्ही दोघांनीही मुंबईच्या एकाच कारखान्यातून मागवली होती. त्यांची आली, माझी येईना. केसासारखी तार हाताने गुंडाळताना वेढे चुकायचे आणि स्टेशन लागायचं नाही. काम गेलं तर दुकान बंद करून अकोल्याला मेव्हण्याच्या कापडदुकानात गज हातात धरायचा, हे घरात ठरलंच होतं. बायकोने ट्रंकही काढून ठेवली होती.

गुरुवारी गुलाबराव सायकलच्या कॅरियरला मशीन बांधून माझ्या दारात उभे.

"सोमवारपर्यंत सकाळी तुयाकडं, दुपारून मायाकडं."

"काऊन देऊन राह्यले?" मी विचारलं.

"पेरणीले एकाचा बैल बसला तं दुसरा आपला देते का नाही? सावड करतोच ना आपण. मंग मशीनची काऊन नाही? तुयी मशीन आली नाही म्हणून मी जितलो, तं त्याच्यात माया रेडिओचं काय कौतुक?"

सकाळी त्यांना मळा असतो, म्हणून ती वेळ मला दिली असेल, असं मी धरून चाललो. पण मनातली पाल चुकचुकतच होती. मशीनचा वेढे मोजणारा काटा त्यांनी बिघडवून दिला असला तर? पहिली कॉइल मी उजेडात धरून पूर्ण उलगडली आणि एकेक वेढा मोजला. एकही कमीजास्त नव्हता. मग निमूटपणे पुन्हा गुंडाळली.

सोमवारी साहेबांनी दोन्ही सेट लावून पाहिले. माझ्या सेटवर नागपूर स्वच्छ लागलं आणि काम मला मिळालं. छातीवरचा धोंडा उतरला, पण गुलाबरावांकडे बघवेना. मशीन परत करायला गेलो तेव्हा न राहवून सगळं सांगून टाकलं.

"गुलाबराव, मी तुमची मशीन तपासली. वेढे मोजले."

ते वांग्यांची टोपली खाली ठेवत म्हणाले, "हाव, मोजशीनच, मले मालूम होतं. म्हणून तं तुले सकाळ देल्ली. दुपारून तुया दुकानात उजेड नसते."

मी त्यांच्या पायरीवर बसलो आणि किती तरी दिवसांनी पोटभर हसलो. गुलाबराव जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या मनातला संशय ओळखून त्याच्यासाठी उजेडाची सोय करणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.