कडबा मास्तर

पूल मोडला की आमचे मास्तर खूश व्हायचे. ज्वारीची वाळकी धाटं सुतळीनं बांधून आम्ही लहान लहान पूल करायचो आणि मास्तर त्यांवर एकेक वीट ठेवत जायचे. धाटं करकरू लागली की म्हणायचे, "मोडू द्या की! मोडल्याबिगर कळंल कसं?" पूल कुठं मोडणार हे जो आधी सांगेल, त्याला मार्क. हैदराबादेतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सगळेच त्यांना कडबा मास्तर म्हणत. आम्ही मायेनं, बाकीचे प्राध्यापक टिंगलीनं.

मास्तर औशाचे. निजामाच्या राज्यात सगळं शिक्षण उर्दूतून. मी अर्धापूरचा, व्याख्या तोंडपाठ, अर्थाच्या नावानं शून्य. माझ्यासारख्याचा चेहरा कोरा दिसला की मास्तर मध्येच मराठीवर येत. "इथं ताण हाय का दाब? हात लावून बघ, मग बोल."

एका हिवाळ्यात ते आम्हाला मोजणीच्या कामासाठी नांदेडला गोदाकाठी घेऊन गेले. मागोमाग प्रिन्सिपॉलसाहेबही आले. पोरं कडब्याशी खेळतात, अशी तक्रार त्यांच्या कानावर गेली होती. मास्तरांचा वर्ग काढून घ्यायचा, हे जवळजवळ ठरलंच होतं.

साहेबांनी चाकूरच्या माणिकला उभं करून पुस्तकातला प्रश्न विचारला. माणिक अडखळला, घामाघूम झाला. मास्तर खाली मान घालून उभे. मग माणिक एकाएकी वाळूत बसला, काठावर पडलेली धाटं जुळवू लागला आणि कुठला भार कुठून कुठं जातो ते बोटानं दाखवत मोडक्यातोडक्या उर्दूत बोलत सुटला. साहेब ऐकत राहिले. मग शेरवानी सावरून तेही त्याच्या शेजारी वाळूत बसले.

"और एक बनाव," ते म्हणाले. "मेरे सामने तोडो."

त्या वर्षी कॉलेजानं मास्तरांना या कामासाठी स्वतंत्र शेड दिली. भर सभेत साहेबांनी त्यांचं नाव घेतलं, तेव्हा मास्तर लाजून शेवटच्या रांगेत जाऊन बसले. "माझं काय त्यात? पोरं लई गुणी हायत," एवढंच म्हणाले.

पुढं संस्थानात जाळपोळ, मारामाऱ्या सुरू झाल्या. वडील मला घरी न्यायला आले. मास्तर स्टेशनपर्यंत आले होते. "जीव सांभाळा. शांत झालं की या, मी हायच," म्हणाले.

सगळं शांत झाल्यावर मी परतलो. मास्तर नव्हते. मधल्या काळात औशाला तापानं गेले, असं माणिकनं सांगितलं. शेडमध्ये आम्ही बसलो होतो. इतक्यात प्रिन्सिपॉलसाहेब आत आले. मास्तरांच्या वर्गावर दुसऱ्या कुणाला पाठवायला ते तयारच नव्हते म्हणे. ते फळ्यापाशी जाऊन उभे राहिले.

"मेरेकू उनके जैसा पढाना नहीं आता," ते म्हणाले. "वो कैसा पढाते थे, तुम लोगां बताव." आणि येऊन आमच्या बाकावर बसले.