हुसेनचं पिंजण

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितली नाही. तिनं एकदा सरळ विचारलं होतं — तरीही नाही. आता ती नाही, विचारणारं दुसरं कुणी उरलं नाही, आणि एकच गोष्ट आत धरून बसायचा मला कंटाळा आलाय. पश्चात्तापाचं म्हणाल तर तो फार मोठा शब्द झाला. कंटाळाच म्हणू या. तुम्ही जवळ बसलाय म्हणून सांगतो. ऐका, आणि उगाच माझी समजूत घालू नका.

गावात मला अजून ‘पंच’ म्हणतात. निवडून आलो ते एकदाच, पण नाव चिकटलं ते चिकटलं. हाक ऐकली की मी वळून बघतो, हसतो, हात वर करतो. आत काय होतं ते कुणाला दिसतंय?

आमचं गाव इस्लामपूरच्या बाजूचं. तेव्हा हा सगळा सातारा जिल्हाच होता. लढाईतून मी परत आलो तो नाईक होऊन. बाहीवरच्या दोन फितींचं मला भारी कौतुक होतं. पलटणीत माझ्या हाताखाली माणसं होती; घरी आलो तर बैलसुद्धा ऐकेनात. भावानं शेत चांगलं सांभाळलं होतं, त्याला माझी गरज नव्हती. गावालाही नव्हती. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून मी चावडीवर जाऊन बसायचो आणि दुपारी जेवायला घरी यायचो. असा माणूस काय काय करू शकतो याची तुम्हाला कल्पना नसेल. मलाही नव्हती.

हुसेन पिंजारी माझा शेजारी. आमची भिंत एक होती. लहानपणी आम्ही एकाच ओढ्यात डुंबलो, एकाच मळ्यातले ऊस चोरले. तो काही साधाभोळा नव्हता हं. बडबड्या, तापट, पत्त्यात हमखास लबाडी करणारा. जेवायला बोलावलं तर पहिल्याच घासाला मिठाची खोड काढायचा आणि तीनदा वाढून घ्यायचा. पण थंडी पडली की पहाटेपासून त्याच्या घरातून पिंजणाचा आवाज सुरू व्हायचा. धनुष्यासारखं भलंमोठं लाकूड, त्याला ताणलेली आतड्याची तात, आणि त्या तातीवर ठोकळा मारला की — टँव, टँव, टँव. कापूस उडायचा, हुसेनच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. लग्नसराईच्या गाद्या, लेप, उशा, सगळं त्याच्याकडून. तो आवाज ऐकूच येत नाही इतका आमच्या कानात बसला होता. बंद पडला तेव्हाच ऐकू आला, असं म्हणा.

आता विहिरीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापायी. गावची पिण्याची विहीर पायऱ्यांची होती. बाया पायऱ्या उतरून पाण्यात घोटाभर उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. गावात नारू घरोघर. पायाला फोड यायचा, फुटायचा, त्यातून दोऱ्यासारखा किडा निघायचा, आणि तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिना-महिना अंथरुणात. तालुक्याचा डॉक्टर येऊन सांगून गेला होता की पाण्यात पाय घालणं बंद करा. पायऱ्या बुजवा, वर कठडा बांधा, रहाट बसवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण पायऱ्या बुजवायच्या म्हटलं की म्हाताऱ्यांचा जीव वर-खाली व्हायचा. वाडवडलांनी बांधलेल्या घडीव दगडाच्या पायऱ्या त्या. आणि तरण्या पोरांना हवी होती तालीम. मातीच्या आखाड्यावर नुसतं पत्र्याचं छप्पर होतं, पावसाळ्यात गळायचं. पंचायतीच्या हातात जे काही येईल त्यातून एकच काम होणार होतं. विहीर, नाहीतर तालमीची कौलं.

त्या साली आमच्या आळीच्या जागेसाठी मी उभा राहिलो तो कौलांच्या जोरावर. आणि हुसेन उभा राहिला विहिरीसाठी. त्याच्या पायाला त्या वर्षी दुसऱ्यांदा नारू झाला होता. लंगडत माझ्या दारात आला नि म्हणाला,

“नाईक, तू पडलास तरी रडू नगंस रं. आन म्या पडलो तर तेवढ्या पायऱ्या बुजीव. मंग तुला पंच काय, पाटील म्हनीन, गड्या.”

मी हसलो. तो निवडून येईल असं मला स्वच्छ दिसत होतं. बायांना मत असो-नसो, घरात बोलायला तोंड होतं, आणि बाया त्याच्या बाजूच्या होत्या. माझी स्वतःची बायकोसुद्धा! पहिल्यांदाच आयुष्यात काहीतरी मागायला उभा राहिलो होतो, आणि ते मला मिळणार नव्हतं — एका पिंजाऱ्यामुळं. असंच आलं मनात. लपवत नाही.

दिवाळीनंतर त्याच्या पिंजणाचं लाकूड चिरलं. आमचा गावचा सुतार औतं, गाड्या करायचा. हे काम इस्लामपूरच्या एका म्हाताऱ्या सुतारालाच जमायचं. मी गुळाच्या ढेपा घेऊन इस्लामपूरला निघालो होतो. हुसेनचा पाय सुजलेला. त्यानं पिंजण गोधडीत गुंडाळून माझ्या गाडीत ठेवलं, वर स्वतःची घोंगडी बांधली आणि दहादा बजावलं की ढेपा वर टाकू नकोस. मी ते नेलं, सुताराला दिलं. पुढच्या खेपेला तयार ठेवतो म्हणाला.

इथवर काही वाकडं नाही. वाकडं पुढं आहे.

ते दिवस कसले होते ते तुम्ही ऐकलं असेल. देश फाटला होता. चावडीवर पेपर वाचला जायचा, आणि दर दोन वाक्यांनी पाकिस्तान नाहीतर हैदराबाद. आमच्या गावात काही झालं नव्हतं. होणारही नव्हतं, असं आम्ही एकमेकांना जरा जास्तच वेळा सांगत होतो. त्यात हुसेनच्या घरातलं टँव टँव बंद. थंडीचे दिवस, लग्नं तोंडावर, आणि पिंजाऱ्याचं घर गप्प. कुणाच्या तरी मनात आलं, कुणी तरी बोललं — पिंजण विकलं म्हणे. बिऱ्हाड हलवतोय. हैदराबादला चाललाय.

हुसेनला कुणी तरी तोंडावर विचारलं. साधं सांगायचं ना, की दुरुस्तीला दिलंय? पण त्याचा पारा चढला. “माजं पिंजण. इकीन न्हाईतर चुलीत घालीन. तुमी कोन इचारनार?” म्हणाला आणि दार लावून घेतलं. झालं. त्याला वाटलं असेल, नाईक आहे की. नाईकानं नेलंय, नाईक सांगेल. मी शपथेवर सांगतो, त्याला असंच वाटलं असणार.

चावडीवर आमच्या आळीचे कारभारी तात्या बसले होते. मोठा माणूस, त्यांच्या शब्दावर आळी हलायची. त्यांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, “नाईक, तुमची भिंत येक हाय. पिंजण वाजत न्हाई ह्ये खरं का?”

“न्हाई वाजत,” मी म्हणालो.

“मंग चाललाय म्हनायचा का त्यो?”

“कुनाच्या मनातलं कुनी सांगावं, तात्या?”

बघा — एक शब्द खोटा नाही. कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. वाजत नव्हतं, नव्हतंच. मनातलं सांगता येत नाही, नाहीच येत. इतकं नीटनेटकं बोलायला मी कुठं शिकलो होतो? तात्यांनी मान हलवली, पान थुंकलं, आणि आळीचा निकाल तिथंच लागला.

घरी आलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. मागं न बघता म्हणाली, “आवं, पिंजण तर तुमीच न्हेलंय न्हवं?” मी म्हणालो, बायकांनी यात पडू नये. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

तुम्हाला वाटत असेल, हाच माझा कबुलीजबाब. गप्प बसलो, एवढाच. मीही कितीदा इथंच थांबतो. लोक गप्प बसतात, जग तसंच चालतं, त्यात विशेष ते काय? पण हे सगळं नाही. हे अर्धंसुद्धा नाही.

मतांसाठी हात वर करायच्या दिवसाच्या आधी मी पुन्हा इस्लामपूरला गेलो. ढेपा उतरवल्या आणि सुताराच्या दारात गेलो. पिंजण भिंतीला टेकून उभं होतं. नवं लाकूड तेल पिऊन चमकत होतं. सुतार म्हणाला, घेऊन जा बाबा, माझ्या दारात येणाऱ्या-जाणाऱ्याला अडतंय. मी त्याच्याकडं बघत राहिलो. हे आज गाडीत टाकलं, तर उद्या पहाटे सगळं गाव त्या आवाजानं जागं होणार. कुणाला काही सांगायची, समजवायची गरज पडणार नाही. ती सगळी कुजबुज आंघोळीच्या पाण्यागत वाहून जाईल.

मी म्हणालो, “आज गाडीत जागा न्हाई. फुडच्या खेपंला न्हेतो.”

गाडी रिकामी होती. सुतारानं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि रंधा उचलला. रिकाम्या गाडीत बसून मी घरी आलो. हुसेन दारात वाट बघत उभा होता. लांबूनच विचारलं, “झालं का रं?” मी मान हलवून ‘नाही’ म्हणालो.

मतांच्या दिवशी चावडीपुढं तालुक्याचा माणूस आला. हुसेनचं नाव पुकारलं तेव्हा बोटांवर मोजण्याइतके हात वर गेले. उघड्यावर हात वर करायचा — शेजारचा बघतोय, तात्या बघतायत. ज्यांच्या घरात नारूनं पाय सडले होते त्यांनीसुद्धा उपरण्यात हात घेतले. माझं नाव पुकारलं आणि हातांचं रान उठलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? खूप आनंद झाला.

दोन दिवसांनी हुसेन लंगडत लंगडत स्वतःच इस्लामपूरला चालत गेला आणि पिंजण खांद्यावर टाकून परत आला. आमची जुनी गादी पिंजून द्यायचं त्यानं कबूल केलं होतं. दुसऱ्या दिवशी आला, अंगणात बसला, गादी उसवली. दिवसभर पिंजत होता. तो बडबड्या माणूस दिवसभरात एक शब्द बोलला नाही. बायकोनं चहा दिला, तो थंड झाला. उन्हं कलली तेव्हा त्यानं गादीला शेवटचा टाका घातला, दात लावून दोरा तोडला आणि उठला. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. म्हणाला,

“सुतार म्हनत हुता, तुमी यून गेलता.”

तुमी. जन्मभर मला ‘तू’ म्हणणारा माणूस. त्यानं पिंजण खांद्याला लावलं आणि गेला.

होळीच्या आत त्यानं बिऱ्हाड हलवलं. हैदराबादला नाही, म्हसवडला — बायकोच्या माहेरी. गाव म्हणालं, बघा, म्हणत नव्हतो? तात्यांनी मला सगळ्यांदेखत शाबासकी दिली, की नाईकाला आधीच सगळं ठाऊक होतं.

तालमीवर कौलं चढली. नारळ मी फोडला. विहिरीचं पुढच्या वर्षी बघू, असं मीच मांडलं, आणि माझ्या बोलण्याला वजन होतं. त्याच उन्हाळ्यात बायकोच्या पोटरीला फोड आला.

किडा ओढताना तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला, आणि ती त्याच गादीवर पडून राहिली — हुसेननं पिंजलेल्या. गादी अशी हलकी झाली होती की ती म्हणायची, एवढंच सुख आहे बघा. त्या दुखण्यातून ती उठली, पण पाय आखडला तो आखडलाच. मरेपर्यंत भिंत धरून चालली. पायऱ्या पुढं दुसऱ्याच कुणी तरी बुजवल्या. तेव्हा मी पंच नव्हतो.

ती तशी पडलेली असताना एका दुपारी मी तिच्या पायाला पोटीस बांधत होतो. तिनं वर आढ्याकडं बघत विचारलं, “मतांच्या आदी इस्लामपूरला गेलता न्हवं — तवा पिंजण तयार हुतं का वं?”

एवढंच. रागानं नाही. नुसतं विचारलं. हातात ऊन ऊन पोटीस होतं, आणि मी तिच्या पायाकडं बघत म्हणालो, “न्हाई. व्हायचं हुतं.”

तिनं “बरं” म्हटलं. पुन्हा कधी विषय काढला नाही. तिनं खरं मानलं की नाही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

तयार होतं. सुतार आत पाणी आणायला गेला तेव्हा मी तात छेडून बघितली होती. चांगली वाजली.