नाना ओके म्हणत नाहीत

मशीनखाली लोखंडाचा कीस साठतो, तसे आमच्या शॉपमध्ये किस्से साठतात. संध्याकाळी कितीही झाडून काढा, सकाळच्या चहाला नवा ढीग तयार! मी प्रॉडक्शनचा सुपरवायझर असल्यामुळे निम्म्या किश्शांत फजिती माझीच असते, हा भाग वेगळा. पण परवा टपरीवर गप्पा मारताना लक्षात आलं, की आमचे सगळे चांगले किस्से एकाच शब्दाभोवती फिरतात. तो शब्द म्हणजे ओके.

नाशकातल्या अंबडच्या एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग बनवणारं आमचं छोटं वर्कशॉप आहे. दिवसभरात इथे जो तो ओके म्हणत असतो. गंमत अशी, की ज्या माणसाला ओके म्हणण्याचाच पगार मिळतो, तो मात्र हा शब्द कधी तोंडातून काढत नाही. ते आमचे क्वालिटी इन्स्पेक्टर, नाना आहेर, मूळचे नामपूरकडचे, घरी अहिराणी बोलणारे.

*

आधी भालेराव सरांचं ओके सांगतो. सर आमचे मॅनेजर. मीटिंगच्या सुरुवातीला ते 'ओके' म्हणाले की समजायचं, गप्प बसा. आपण काही मागत असताना 'ओके, ओके' आलं, तर ते काम होणार नाही. फोनवर लांबवलेलं 'ओक्के' म्हणजे ठेवा आता. आणि भुवया वर करून नुसतं 'ओके?' विचारलं, तर उद्यापासून आपली खैर नाही.

मी पुतणीच्या लग्नाला नांदगावला जायची रजा मागितली, तेव्हा सर मोबाईलमध्ये बघत ओके म्हणाले. त्यातलं हे कुठलं, ते मी काही तपासलं नाही. तिकडे हळद चालू असताना फोन आला, वाजे, आहात कुठे? मी म्हटलं, नांदगावला, तुम्हीच ओके म्हणाला होतात. पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "ओके."

हे ओके मी तोवर ऐकलेलं नव्हतं. त्याचा अर्थ कामावर परतल्यावर कळला, आणि तो इथे सांगण्यासारखा नाही.

*

आता नानांची पद्धत. सकाळी मशीन लावली की तिच्यावरचा पहिला जॉब, म्हणजे पहिला तयार झालेला भाग, नानांच्या टेबलावर जातो. नाना तो मोजतात. माप बरोबर असेल तर गोल हिरवा स्टिकर चिकटवतात, नसेल तर लाल. हिरवा लागेपर्यंत मशीन बंद. स्टिकर लावल्यावर ऑपरेटरकडे बघून नाना एवढंच म्हणतात, "चालू दे."

नानांचे नियम दोन. पहिला, गरम जॉबला माप लावायचं नाही. लोखंड तापलं की फुगतं, गार झाल्यावर खरं माप देतं. त्यामुळे कितीही घाई असली तरी नाना जॉब टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "गार होऊ दे." दुसरा नियम, ज्यानं बनवलं त्यानं पास करायचं नाही. आपल्या हातचं माणसाला नेहमी सरळच दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

एकदा माल तातडीनं पाठवायचा होता, टेम्पो दारात उभा. आमचा ऑपरेटर शकील पहिला जॉब घेऊन धावत आला. नाना म्हणाले, गार होऊ दे. शकीलनं तो कूलरसमोर धरला. तेवढ्यात भालेराव सर आले. त्यांनी जॉब हातात घेतला आणि मुठीत घट्ट धरून नानांना डिलिव्हरीचं महत्त्व समजावायला सुरुवात केली. चांगलं लांबलचक समजावलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं, हात पुढे करून जॉब परत घेतला आणि टेबलावर ठेवला.

"पुन्हा तापला, साहेब," ते म्हणाले. "आता परत गार होऊ दे."

टेम्पोवाल्यानं सीट मागे करून झोप काढली.

*

नाना हा शब्द का म्हणत नाहीत, याचा छडा टपरीवर लागला. विषय निघाला ट्रकच्या मागे लिहिलेल्या 'हॉर्न ओके प्लीज'चा. मधला तो ओके तिथे करतो काय? टेम्पोवाला म्हणाला, जुन्या काळी रॉकेलवर चालणाऱ्या ट्रकची ती खूण होती. शकील म्हणाला, पेंटरकडे जागा उरली म्हणून त्यानं भरून टाकली असेल. मी माझ्या मुलीला फोन लावला. ती कॉलेजात इंग्रजी शिकते. तिनं मोबाईलमध्ये शोधून सांगितलं, की अमेरिकेतल्या वर्तमानपत्रवाल्यांनी गंमत म्हणून मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं वापरली, त्यातून ओके आलं म्हणतात. कोणी म्हणतं, तिथल्या एका राष्ट्राध्यक्षाच्या गावाच्या नावामुळे ते पसरलं. कोणी ते तिथल्या मूळच्या रहिवाशांच्या भाषेतून आणतं, तर कोणी थेट आफ्रिकेतून.

नाना बशीत चहा ओतून ऐकत होते. सगळ्यांचं सांगून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे याचं मटेरियल सर्टिफिकेटच नाही."

ज्या मालाचं मूळ माहीत नाही तो ते आत घेत नाहीत, आणि हा शब्द तर आयुष्यभर लोक त्यांना रोज पास करायला सांगत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, त्यापेक्षा आपला स्टिकर बरा, कुठल्या दुकानातून येतो ते तरी ठाऊक आहे. त्या स्टिकरचा रोल त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असतो. रविवारीसुद्धा. शकीलनं त्यांना एका लग्नात सफारीच्या खिशातही तो बाळगताना पाहिलंय.

*

लग्नावरून आठवलं. नानांच्या भाचीला नामपूरचं स्थळ आलं. पाहुणे जमले, कांदेपोहे झाले, मुलाच्या मामांनी विचारलं, मग काय, ओके समजायचं का? घरातले सगळे हो म्हणाले आणि नानांकडे वळले. नाना म्हणाले, गार होऊ द्या.

सगळे चपापले. मुलाच्या वडलांनी कपाकडे बघितलं. त्यांना वाटलं, चहाबद्दल बोलतायत.

नानांचं म्हणणं असं, की आज मुलगा पाहुण्यांसमोर इस्त्रीचा शर्ट घालून बसलाय, हे काही त्याचं खरं माप नाही. पुढच्या आठवड्यात कुणाला न सांगता ते नामपूरच्या कांदा मार्केटात जाऊन उभे राहिले. मुलगा तिथे आपला ट्रॅक्टर घेऊन लिलावाच्या रांगेत होता. ऊन रणरणत होतं, भाव पडलेला, मागचा ट्रॅक्टरवाला पुढे घुसू बघत होता. मुलानं त्याला शांतपणे मागे व्हायला लावलं आणि आपली पाण्याची बाटली एका म्हाताऱ्याला दिली. नाना तसेच एसटीत बसले आणि बहिणीच्या घरी येऊन म्हणाले, "पोऱ्या बेस शे. चालू दे."

त्या जावयाला हे अजून माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.

*

नानांवर आवाज चढवू शकणारी व्यक्ती साऱ्या नाशकात एकच, त्यांची बायको, आमच्या कमलवहिनी. आवाज म्हणजे आवाज! सिडकोत पहिल्या मजल्यावर त्यांचं घर. गॅलरीतून त्यांनी "अहो!" अशी हाक मारली, की गल्लीतले सगळे नवरे वर बघतात.

खंडेनवमीला मशीनची पूजा असते, तेव्हा सगळ्यांच्या घरचे शॉपमध्ये येतात. वहिनी आल्या, की कॉम्प्रेसर चालू असला तरी त्यांचं बोलणं शेवटच्या लेथपर्यंत ऐकू येतं. गेल्या वेळच्या पूजेला त्यांनी नानांचं टेबल बघितलं, रांगेनं ठेवलेले हिरव्या स्टिकरचे जॉब बघितले, आणि भालेराव सरांकडेच तक्रार केली. इतकी वर्षं मी यांना रांधून घालते, भाजी कशी झाली विचारलं तर म्हणतात, खाल्ली ना.

मग नानांकडे वळून म्हणाल्या, "या लोखंडले रोज शाबासकी शे. मले कधी?"

सगळा शॉप हसला. नाना टेबलावरची धूळ फडक्यानं पुसत राहिले.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वहिनींच्या गळ्यात गाठ निघाली. तपासण्यांत ती साधी निघाली, पण वाढत होती, काढणं भाग होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आवाजाची नस अगदी तिला चिकटून जाते. शक्यतो काही होत नाही. पण आवाज बसू शकतो, क्वचित जाऊही शकतो.

नाना कामावर येत होते, मोजत होते, स्टिकर लावत होते. फक्त 'चालू दे' म्हणायचं विसरायला लागले. स्टिकर लागल्यावरही शकील बिचारा मशीनपाशी उभा राहायचा. एक दिवस टपरीवर नाना आपण होऊन मला म्हणाले, वाजे, घरात ती बोलते आणि मी ऐकतो, आमचा संसार एवढाच आहे. ती गप्प झाली तर मी काय करू? मी त्यांचा चहा पुन्हा गरम करून आणला.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि शकील रजा घेऊन गेलो. या वेळी सर ओके म्हणाले तेव्हा मी लगेच विचारलं, हे कुठलं ओके? सर म्हणाले, "जा हो. मीही येतो संध्याकाळी."

आत नेण्याआधी नर्सनं वहिनींच्या बांगड्या, मंगळसूत्र काढून नानांच्या हातात दिलं, आणि कपाळावरची मोठी लाल टिकलीही काढली. टिकली ठेवायची कुठे, ते नानांना कळेना. ती त्यांच्या अंगठ्याला चिकटून राहिली आणि पुढे कधीतरी कुठे पडली कोण जाणे. वहिनींना टिकलीशिवाय मी पहिल्यांदाच पाहत होतो. एरवी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलणारी बाई, जाताना काही बोलली नाही. नानांच्या शर्टाचं वरचं बटण तेवढं लावून दिलं.

नाना बाकावर बसून राहिले, काही खाल्लं-प्यायलं नाही. दुपारी सर्जन बाहेर आले. मास्क खाली करून हसले आणि म्हणाले, आजोबा, सगळं ओके झालंय.

मी सुटकेचा श्वास घेतला. शकीलनं हात जोडले. नाना उठून उभे राहिले.

"साहेब, राग मानू नका," ते म्हणाले. "ज्यानं काम केलं त्यानं पास करायचं नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे."

मला वाटलं, आता डॉक्टर चिडणार. त्यांनी नानांकडे नीट पाहिलं. "मग पास कोण करणार?"

"ती," नाना म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली. उद्या सकाळपर्यंत वहिनींना बोलू द्यायचं नाही, तोवर कुणालाच काही सांगता येणार नाही, असं म्हणून ते गेले. नाना तिथेच उभे. मी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि म्हटलं, नाना, गार होऊ द्या. इतक्या वर्षांत त्यांना हे सांगायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली. त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शकील थर्मासमध्ये चहा घेऊन गेलो. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात शकील एकदम थांबला आणि त्यानं माझा दंड पकडला.

वरून आवाज येत होता. घोगरा, मधेच चिरकणारा, पण आवाज! कोणीतरी कुणालातरी भरपूर झापत होतं. शकीलचे डोळे भरले होते. तो थर्मास छातीशी धरून उरलेल्या पायऱ्या पळतच चढला.

वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. गळ्याला पट्टी. आम्हाला पाहताच नानांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मले काही व्हयनं नई. यासले दखा पहिले, रातभर खुर्चीवर बसेल शेतस!" मग नानांच्या पाठीचं दुखणं, घरी विरजण लावलं की नाही, गॅलरीतल्या झाडांना पाणी कोणी घातलं, सगळं ओळीनं निघालं. नाना खुर्चीवर खाली मान घालून ऐकत होते.

वहिनींच्या कपाळावर, रोज टिकली असते त्या जागी, गोल हिरवा स्टिकर होता.

शकीलनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तेवढ्यात नर्स आत आली आणि नानांवरच रागावली, अहो बाबा, त्यांना इतकं बोलू देऊ नका, जरा थांबवा.

नानांनी मान वर केली, वहिनींकडे बघितलं, आणि म्हणाले, "चालू दे."