काट्याच्या झाडातली खिडकी

समजा, तुम्हाला नवरंगाचा फोटो काढायचाय. डिसेंबर महिना आहे आणि पहाटेपासून पाऊस लागलेला आहे. झांबेझीच्या खोऱ्यातल्या एका ओढ्याकाठी, काटेरी जाळीत तुम्ही पोटावर पडला आहात. कोपरांखाली चिखल, मानेवरून ओघळणारं पाणी, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि काचेच्या आत कुठून तरी शिरलेली वाफ. डाव्या कानाशी एक माशी. पंधरा पावलांवर पक्षी पाचोळा उलटा करतोय, ते ऐकू येतं, पण दिसत नाही. मध्ये पानं आहेत, काटे आहेत. तीन तास झालेत. हात जरा लांबवला तर समोरची एक डहाळी मोडता येईल. एकच. काय कराल?

बा स्यामुन्जो म्हणतात, याचं उत्तर माणूस तोंडाने एक देतो आणि हाताने दुसरंच.

फॅनवेल स्यामुन्जो हे आमच्या कॅम्पवरचे सगळ्यात जुने वाटाडे. त्यांना नुसत्या नावाने कोणी हाक मारत नाही. मालकसुद्धा 'बा' लावूनच बोलतो. वय चोपन्न, अंगाने सडसडीत. पावसाळ्यात पायात टायरच्या चपला, कारण बुटात पाणी साचून जो वास येतो त्याची त्यांना किळस आहे. किळस त्यांना बऱ्याच गोष्टींची आहे. पाहुण्यांच्या अंगावरच्या डासांच्या औषधाची. हत्तीण पिलाला पाजत असताना गाडीतून येणाऱ्या "इकडे बघ ना, राणी" या लाडिक आवाजाची. सूपमध्ये वाळवीचा एक पंख दिसला म्हणून किंचाळणाऱ्या माणसाची तर फारच. आम्ही त्या वाळव्या भाजून वाटीभर खातो.

धरणाच्या पाण्याने उठवलेल्या लोकांच्या वस्तीत त्यांचा जन्म. लहानपणी गलोलीने पाखरं पाडली, हे ते लपवत नाहीत. "खायला पाडली," म्हणतात. "पाडून त्यांच्याशेजारी हसत उभा नाही राहिलो." पुढे सियावोंगाला कापेंटा मासळी वाळवायच्या आवारात काही वर्षं गेली, मग रानात चोरट्या शिकाऱ्यांच्या मागावर फिरणारे रखवालदार झाले, आणि मग वाटाड्याच्या परीक्षेला बसले. लॅटिन नावांपायी दोनदा नापास. तिसऱ्या वेळी परीक्षकाने चाळीस पक्ष्यांचे आवाज ऐकवले, त्यातले एकोणचाळीस त्यांनी ओळखले. चाळिसावा परीक्षकालाच माहीत नव्हता, असं ते अजून सांगतात.

मी त्या कॅम्पवर गाड्या आणि जनरेटर बघतो. सकाळी चहाला स्वयंपाकघरात गेलं की रोज एकच तमाशा. स्वयंपाक चोल्वेच्या आईकडे. ती पक्ष्याच्या कुळातली, बा हत्तीच्या कुळातले, आणि या दोन कुळांत थट्टेचं नातं. एकमेकांना काय वाटेल ते बोलायचं, अगदी मयताच्या घरीसुद्धा, आणि ज्याला बोललं त्याने रागवायचं नाही.

"आला माझा हत्ती? दारातून ये रे, भिंतीतून नको."

"चिमणीने मोठ्या माणसांना रस्ता शिकवू नये. दाणे टाकू का?"

"टाक. तुझ्या बापाने लग्नात टाकले होते, त्यात निम्मे खडे निघाले."

"निम्मेच? मग म्हातारा खुशीत असणार त्या दिवशी!"

ती उलथनं उगारायची, आणि मग त्यांच्याच ताटलीत सगळ्यात मोठं रताळं पडायचं.

नवरंग आमच्याकडे नोव्हेंबरच्या सरींबरोबर उत्तरेकडून येतो. हिरवी पाठ, डोळ्यावर काळी पट्टी, पोटाखाली लालभडक. जाळीत घरटं करतो, पिलं उडती झाली आणि पाऊस सरला की निघून जातो. त्याच्यासाठी लोक समुद्रापलीकडून येतात. बांचा नियम ठरलेला होता: पक्षी दाखवायचा, घरटं नाही. यंदा त्यांना ओढ्यापलीकडे घरटं सापडलं होतं. काट्याच्या झाडावर, माणसाच्या हातापेक्षा थोडं उंच, काटक्यांचा ओबडधोबड गोळा आणि बाजूला दार. आत तीन पिलं. हे त्यांनी दोघांनाच सांगितलं, मला आणि चोल्वेच्या आईला.

ती म्हणाली, "माझ्या माहेरी बाळंतपण आहे. तोंड बंद ठेव, सोंडेसकट."

क्रिस्तोफ त्याच आठवड्यात आला. मोठा फोटोग्राफर, बरोबर पाच शिष्य. माणूस वाईट होता असं म्हणता येणार नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो. त्याने पहिल्याच दिवशी आमची सगळ्यांची नावं पाठ केली. गाडी रुतली की ढकलायला सगळ्यात आधी तो उतरायचा. पण तीन दिवस पावसाने खंड दिला नाही, आणि नवरंगाचा एक धड फोटो मिळाला नाही. जेवताना शिष्य आपसात पुटपुटू लागले.

तिसऱ्या संध्याकाळी मालकाने, बा हमूंगाने, बांना बाजूला घेतलं. मी शेजारीच जनरेटरचं तेल बदलत होतो.

"बा स्यामुन्जो, घरटं तुम्हाला माहीत आहे. तुमच्या चालण्यावरून कळतं."

"नियम माहीत आहे ना तुम्हाला?"

"मला हेही माहीत आहे की पावसात इथे दुसरं कोणी येत नाही. हे लोक रिकामे गेले तर पुढच्या वर्षी मी पाऊस लागल्याबरोबर कुलूप लावीन. मग तुम्ही सगळे मे महिन्यापर्यंत घरी. चोल्वेची आईसुद्धा."

तो ओरडला नाही. हात पुसत निघून गेला. बा माझ्याकडे वळून म्हणाले, "तेल सांडतंय तुझं."

चौथ्या सकाळी त्यांनी त्या सहा जणांना नेलं; मीही बरोबर होतो. तीस पावलांवर चपलेच्या टाचेने चिखलात रेघ मारली. "याच्या पुढे पाऊल नाही. फ्लॅश नाही. एक तास."

क्रिस्तोफने छातीवर हात ठेवला. "शब्द देतो."

तेवढ्यात आमची दुसरी गाडी ओढ्याच्या उतारावर काळ्या मातीत बसल्याचा निरोप वायरलेसवर आला. बा आणि मी गेलो. मागची दोन्ही चाकं आसापर्यंत आत. जॅकखाली फळी घातली की फळीच खाली जायची. बा दर मिनिटाला जाळीकडे बघत होते.

मी म्हटलं, "त्याने शब्द दिलाय."

"म्हणूनच म्हणतो, घाई कर."

दीड तास गेला.

परत आलो तेव्हा रेघ दिसत नव्हती, कारण तिच्यावरून सहा जण चालून गेले होते. कॅमेऱ्यांच्या तिपाया घरट्यापासून आठ पावलांवर होत्या. आणि झाडाला खिडकी पडली होती. घरट्यासमोरच्या काटेरी फांद्या छाटलेल्या, कापलेली टोकं पांढरी आणि ओली. दोन जाड फांद्या हिरव्या तारेने बाजूला ओढून बांधलेल्या. खाली कापलेल्या फांद्यांची व्यवस्थित रास. शेजारी प्लास्टिकवर छोटी छाटणीची कात्री, लाल मुठीची, तिच्या मापाच्या चामडी म्यानासकट.

क्रिस्तोफ कुजबुजला, "थोडंसं बागकाम केलं. जाताना तारा सोडू, काळजी नको."

"बागकाम?" बा म्हणाले.

"फक्त पुढची पानं हो."

तेवढ्यात ती आली. चोचीत लोंबणारा किडा, सरळ समोरून, आणि दारावर बसली. सहाही कॅमेरे एकदम कडकडले. फ्लॅशच्या उजेडात पावसाचा थेंबन् थेंब दिसला. एक शिष्य कुजबुजला, "सुंदर! आता मान जरा वर कर, शहाणी माझी."

बांनी तोंडावर हात दाबला. मला वाटलं शिंक आली. ते गाडीमागे गेले आणि सकाळी प्यालेलं चिबवांतू, मक्याची आंबील, सगळं ओकले. तोंड पुसून परत आले.

"सामान उचला."

"दहाच मिनिटं. ती परत येईल, तेव्हा..."

"उचला."

पाहुण्यांना गाडीत घालून पाठवल्यावर आम्ही दोघं मागे राहिलो. तारा सोडल्या. कापलेल्या फांद्या एकेक करून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी जागच्या जागी बांधल्या. हाताला काटे लागून रक्त येत होतं आणि पावसात ते धुऊनही जात होतं. पानं एव्हाना मान टाकायला लागली होती.

"मेलेल्या माणसाला टोपी घालतोय आपण," बा म्हणाले. तरी शेवटची फांदी बांधेपर्यंत थांबले नाहीत.

संध्याकाळी जेवणघरात मोठ्या पडद्यावर फोटो दाखवले. खोटं कशाला बोलू, फोटो देखणा होता. हिरवा, लाल, काळी पट्टी, आणि पावसाच्या चांदीच्या काड्या. क्रिस्तोफ उठून उभा राहिला. "हा फोटो बा स्यामुन्जोंचा आहे. ते नसते तर हा नसता!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"खरं आहे," बा म्हणाले. "मी नसतो तर हा नसता." आणि ताटाला हात न लावता गेले. क्रिस्तोफला वाटलं, लाजले.

दुसऱ्या दिवशी इतक्या दिवसांनी ऊन पडलं. आम्ही पोचलो तेव्हा आम्ही बांधलेली पानं सुकून गुंडाळली होती आणि खिडकी पुन्हा सताड उघडी होती. झाडावर माकडं. आम्हाला बघून ती सावकाश उतरली, घाई नव्हती त्यांना. घरट्याचा निम्मा गोळा एका काट्याला लोंबत होता. आत काही नव्हतं. बांनी तरीही चाचपून पाहिलं, आणि मग बोटं कितीतरी वेळ पँटला पुसत राहिले.

आमच्याकडे मयताच्या घरी थट्टेच्या नात्यातला माणूस मुद्दाम येतो. मेलेल्याची नक्कल करतो, घरच्यांना टोमणे मारतो, आणि त्यावर हसता हसता घरच्यांच्या घशाखाली घास उतरतो. बा त्या दुपारी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले, ते त्यासाठीच असणार. बातमी तोवर सगळ्यांना कळली होती. चोल्वेची आई मक्याच्या पिठाची न्शिमा ढवळत होती. तिने मान वर केली नाही.

शेवटी बांनीच सुरुवात केली. "ए चिमणे, बोल ना. हत्तीने तुझ्या माहेरची भिंत पाडली, म्हण. म्हण ना काहीतरी."

तिने पातेलं उतरवलं, हात पुसले, ताट वाढलं. परक्या पाहुण्याला देतात तसं, गुडघे किंचित वाकवून, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवलं.

"जेवून घ्या, बा स्यामुन्जो. गार होईल."

एवढंच. त्यांनी दोन घास खाल्ले, आणि तेही तिच्या मानासाठी.

आता फेब्रुवारी संपत आला. ती अजून त्यांच्याशी थट्टेने बोलत नाही. वाढते व्यवस्थित, विचारपूस करते, मोठं रताळंही देते. बांनी मालकाला सांगून टाकलंय की नवरंगासाठी ते कोणालाही नेणार नाहीत. मालकाने त्या कामाला दुसरा वाटाड्या ठेवला. क्रिस्तोफने तो फोटो चौकटीत घालून पाठवला आणि मालकाने जेवणघरात टांगला. बा त्याच्याकडे पाठ करून जेवतात. क्रिस्तोफने पुढच्या डिसेंबरच्या खोल्या आत्ताच धरून ठेवल्यात, आणि तितक्याच आपुलकीने लिहिलंय, की पिलं आता मोठी झाली असतील.

बांनी मला एकदाच त्याला पत्र लिहायला लावलं. माकडांचं त्यांनी लिहू दिलं नाही. "त्याला वाईट वाटेल, मग तो क्षमा मागेल, आणि ती मला वाचावी लागेल," म्हणाले. एकच गोष्ट विचारायची होती, त्या दिवशीच्या पक्षिणीबद्दल. त्याचं उत्तर आलं: पक्षिणीने आम्हाला स्वीकारलं होतं.

मी वाचून दाखवल्यावर बा पचकन थुंकले.

"स्वीकारलं म्हणे! अरे, मी एकटा तीस पावलांवर उभा असलो तरी ती तीन फेऱ्या घालायची, मागच्या बाजूने सरपटत वर चढायची. कधी दिसू दिलं नाही तिने दार."

"पिलं भुकेली असतील," मी म्हटलं.

"भुकेली रोजच होती."

ते तळहातावरचे काट्यांचे जुने डाग अंगठ्याने चोळत राहिले.

"त्या दिवशी आठ पावलांवर सहा जण, भिंत कापून टाकलेली, विजेसारखा उजेड. हे सगळं तिला दिसत होतं ना? मग सांग मला, त्या दिवशीच ती समोरून का आली?"