विचार घरी करायचा

बारा वर्षं क्लासमध्ये गणित शिकवल्यावर किस्से खडूच्या तुकड्यांसारखे साठतात. टाकवत नाहीत आणि हातातही नीट धरवत नाहीत. मैत्रिणी म्हणतात, "सांग ना गं, मजा येते." त्यांना येते. मला अजून संतापच येतो, तेव्हा तो गृहीत धरूनच ऐका.

आमचा क्लास सिडकोत. तीन मजले, आणि तिन्हींवर इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी. मी हट्टाने एक छोटी बॅच मागून घेतली. नुसतं गणित शिकायला देशातल्या मोठ्या संस्थेत जायचंय, अशा पाच मुलांची. तिथली परीक्षा वेगळी. उत्तर सिद्ध करून लिहायचं, त्यातून निवडलेल्यांची मुलाखत, मग प्रवेश. क्लासचे मालक, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणतो, म्हणाले, "घ्या. जाहिरातीत एक ओळ वाढंल."

* * *

पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं, 'मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे सिद्ध करा.' मग एका मुलानं हात वर केला.

"मॅडम, ऑप्शन लिहायचे राहिले."

"ऑप्शन नाहीत."

"मग खरं का खोटं, एवढंच सांगायचं का?"

"खरंच आहे ते. का खरं आहे, ते सांग."

त्यानं जरा विचार केला. "तुम्हीच म्हणलात ना मॅडम, खरं आहे म्हणून."

मुलावर काय चिडणार? आठवीपासून ज्यांनी त्याला चारातून एक निवडायलाच शिकवलं, त्यांच्यावर चिडले. त्यांच्यात मीही होतेच की.

* * *

वर्गात कॅमेरे आहेत आणि सर केबिनमध्ये बसून ते बघतात. एकदा मी एकच प्रश्न दिला आणि गप्प बसले. मुलं डोकं खाजवत होती, कुणी खिडकीबाहेर बघत होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"मॅडम, अर्धा तास झाला, फळा कोराच आहे. पोरं नुसती बसायलीत."

"विचार करतायत, सर."

"तो घरी करायचा. इथं शिकवायचं."

मी फोन ठेवला आणि त्या दिवशी मुद्दाम फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. पगारवाढ अडली, ती बहुतेक तिथंच.

* * *

बिडकीनचे एक पालक आले होते. मुलगा हुशार, या बॅचला यायला तयार. मी अर्धा तास समजावलं. संशोधन, परदेश, शिष्यवृत्ती, सगळं सांगितलं. त्यांनी फार आदरानं ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही हेच शिकल्या का?"

"हो. एमएस्सी गणित. विद्यापीठात पहिली आले होते."

त्यांनी वर्गाकडं पाहिलं, फळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "रागावू नका, पण शेवटी इथंच यायचं असंल तर ऱ्हाऊ द्या."

मी रागावले. अजूनही रागावलेलीच आहे.

* * *

आता संघमित्रा, याच बॅचमधली. शेंद्र्याहून बसनं यायची. वडील तिथल्याच एका कारखान्यात तयार झालेले पार्ट तपासतात. एकदा तिनं चार पानी सिद्धता लिहून आणली, टेबलावर ठेवली आणि पुन्हा उचलून घेतली.

"काय झालं गं?"

"मॅडम, तिसऱ्या ओळीत मी खोटं बोललेय. तुम्हाला सापडलं नसतं, पण बोललेय."

असं म्हणणारी विद्यार्थिनी बारा वर्षांत मला एकच मिळाली. तिला प्रवेश मिळावा, एवढी एकच गोष्ट मला त्या वर्षी हवी होती. सर मला जिन्यात अडवून म्हणायचे, "पोर वाया घालवायलात तुम्ही. इंजिनिअरिंगला बसवली असती तर मोठा रँक आला असता."

* * *

आमच्याकडं सगळ्या मुलांचे परीक्षेचे फॉर्म ऑफिसातच भरतात. ईमेल क्लासचा, मोबाइल नंबर क्लासचा, पासवर्डही क्लासकडंच. मी भांडले. सर म्हणाले, "पोरं पासवर्ड विसरतेत, मॅडम. आपल्याकडं सेफ राहतं."

लेखी परीक्षा झाली. मुलाखतीचं पत्र मेलवरच येणार होतं. मी रोज खाली ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरवरच्या मुलाला विचारायची, "मेल आला का?" तो मान वर न करता म्हणायचा, "आला की सांगतो ना, मॅडम." संघमित्राला रोज वर बोलावून मी मुलाखतीची तयारी करून घेत होते.

एका मंगळवारी संध्याकाळी तिचा फोन आला. ती घरी निघाली होती, मागं रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज.

"मॅडम, चिकलठाण्याच्या चौकात माझा फोटो लागलाय. मोठा फ्लेक्स आहे. मुलाखतीसाठी निवड, अभिनंदन, असं लिहिलंय." मग तिनं विचारलं, "मुलाखत कधी आहे, मॅडम?"

मी धावत खाली गेले आणि मेल उघडायला लावला. शुक्रवारी आलेला होता. मुलाखत ऑनलाइन, सोमवारी सकाळी अकरा. सोमवारी सकाळी अकरा वाजता ती वरच्या मजल्यावर माझ्यासमोर बसून मुलाखतीचा सराव करत होती.

मी संस्थेला दोनदा लिहिलं, हात जोडले. उत्तर सभ्य होतं. मुलाखती संपल्या, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यावी.

ते उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले, कारखान्याच्या गणवेशातच. आवाज चढवायला मीच तयार होते. ते शांतपणे सरांच्या केबिनमध्ये जाऊन समोरच्या खुर्चीवर बसले.

"साहेब, तो मेल तुम्ही वाचला व्हता का?"

"वाचला ना. माझ्या मोबाइलवर पण येतो. शनिवारीच वाचला."

"मग वाचल्यावर कुणाला फोन केला का?"

"केला की, लगेच," सर म्हणाले. "फ्लेक्सवाल्याला."