चिकणमातीवरचं पाणी

सकाळचा चहा टाकण्याआधी आक्का विहिरीत दोर सोडायची. वर ओढून भिजलेला भाग वितीने मोजायची आणि मगच दिवसाला हात घालायची. त्या पाण्यावर तिची मिरची-टोमॅटोची रोपं होती, आणि रोपांच्या विक्रीवर तिचं घर.

पाणी मुळात भावाचं. त्याचं शेत वरच्या अंगाला. तो पाटाने कालव्याचं पाणी सोडायचा, निम्मं जमिनीत मुरायचं. खाली चिकणमातीचा थर लागला की अडायचं आणि सरकत सरकत आक्काच्या विहिरीत यायचं. थराखाली मात्र कोरडी वाळू.

"तुझ्या उष्ट्या पाण्यावर जगतेय रे मी," आक्का म्हणायची.

"मग ताट तरी घासत जा," भाऊ म्हणायचा.

अडलेल्या पाण्याने त्याच्या झाडांची मुळं कुजायला लागली, तेव्हा त्याने पाट बंद करून ठिबक बसवलं. त्याचं शेत सुधारलं, हिची विहीर आटत चालली. आक्काने त्याच्याशी बोलणं टाकलं. विहीर खोल करायला खणणारा बोलावला.

"आक्का, चिकणमाती लागली. इथे थांबू या."

"तळाला पाणी नसेल तर कुठे असेल? खण अजून."

त्याने खणलं. पहार एकाएकी सैल गेली, आणि उरलंसुरलं पाणी फुटक्या घागरीतून जावं तसं वाळूत उतरलं. दुपारपर्यंत विहिरीत नुसता चिखल. रोपं लावणीला आली होती, आणि ऊन तापत होतं.

भाऊ काठावर आला. आता हा टोमणा मारणार, म्हणून आक्काने मान फिरवली. तो विजार गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरला. खणणारा आणि तो भोकात चिकणमाती कोंबून पायांनी तुडवत राहिले. आक्का वरून मातीच्या पाट्या सोडत राहिली.

भोक बुजलं. विहीर काही भरली नाही.

"पुन्हा पाट सोडू?" भावाने विचारलं.

"आणि तुझी मुळं कुजू देत?"

संध्याकाळी भावाने आपल्या कालव्याच्या पाळीच्या पाण्यातून एक नळी बांधापलीकडे टाकली. निम्मी रोपं वाचली. पुढे कालव्याची पाळी आली की आधी आक्काचे वाफे भिजायचे, मग त्याचं शेत. हे कोणी ठरवलं नव्हतं, आणि आक्काने आभारही कधी मानले नाहीत.

ती गेली त्या दिवशीही दुपारी वाफे भिजवून तिने बांधावरून हाक दिली होती, "वळव रे पाणी तुझ्याकडे. आणि वाफ्यांतून येऊ नकोस, रोपं कोवळी आहेत."